वस्तीवरून ऑनलाइन मानसोपचार: सोलापूर जिल्ह्यातल्या नवख्यांसाठी

करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर, माळशिरसहूनही तेवढंच. पाऊण तास बोलण्यासाठी जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि स्टँडवर भेटणाऱ्या पहिल्या पाहुण्याला "काय, आज सोलापूरला कुणीकडं?" याचं उत्तर द्यावं लागतं. बऱ्याच जणांना हे शेवटचंच सगळ्यात जड जातं. मोबाइलवरून मानसोपचार घेता येतो हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटतं ते म्हणूनच.

फोनमुळे एसटीचा प्रवास वाचतो, घरातली माणसं मात्र तिथंच असतात. म्हणून इथे ॲपची यादी दिलेली नाही. ॲप येतात-जातात. आपल्याला शोधायचा असतो एक माणूस, आणि त्याच्याशी बोलायला आठवड्यातला एक निवांत तास. तो तास मिळवणं माणूस शोधण्याहून अवघड असतं, त्यामुळे त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

आधी बघा: हे फोनवर भागणारं आहे का?

झोप उडालेली, जीव घाबरतो, कशात मन लागत नाही, एकच विचार डोक्यात फिरतो, घरात सतत भांडणं, कुणी गेल्याचं दुःख, परीक्षेची धास्ती, कर्जाचं टेन्शन, बाळंतपणानंतरचं रडू: या सगळ्यासाठी ऑनलाइन सुरुवात चांगली होऊ शकते.

काही गोष्टींसाठी मात्र थेट दवाखानाच हवा. कानात आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, कित्येक रात्री न झोपताही अंगात प्रचंड जोर आहे, पैसे उधळले जातायत, खाणं-पिणं बंद झालंय, अशा माणसाला फोनसमोर बसवण्यात अर्थ नाही. दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, कधी झटकाही येतो. त्यात जीव जाऊ शकतो. "घरीच सोडवू" म्हणून कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या.

जगणं नको वाटतं, मरणाचे विचार येतात, असं असेल तर समुपदेशक शोधत बसण्याची ही वेळ नाही. १४४१६ लावा. हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे. लगेच धोका दिसत असेल तर १०८ची रुग्णवाहिका किंवा ११२. आणि वस्तीवर फवारणीचं औषध, तणनाशक असेल तर ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या किंवा कुलपात टाका, किल्ली त्या माणसाच्या हाती लागू देऊ नका. टोकाचा विचार पुष्कळदा काही वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, याने जीव वाचतात.

आणखी एक काम ऑनलाइनच्या आधी उरकून घ्या. थकवा, धडधड, झोप न लागणं याच्यामागे कधी थायरॉइड असतं, कधी रक्त कमी, कधी बी-१२, कधी साखर. तालुक्याच्या लॅबमध्ये या साध्या तपासण्या होतात. रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढे डॉक्टर तो मागणारच.

कुणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट: एमबीबीएस करून पुढे मानसविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध देण्याचा अधिकार यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. बोलून उपचार आणि चाचण्या हे त्यांचं काम, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. तिसरे समुपदेशक. यांत मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं मन लावून काम करणारे आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. गोंधळ होतो तो इथेच.

बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर बघता ना, तसा इथे नोंदणी क्रमांक बघायचा. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआयचा सीआरआर क्रमांक. दोन्ही त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर नाव टाकून तपासता येतात. समुपदेशकाला मात्र विचारावं लागतं: शिक्षण काय, कुठून, किती वर्षं काम, आणि अडचण आली तर तुम्ही कोणत्या वरिष्ठाचा सल्ला घेता? शेवटचा प्रश्न विचाराच. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

"सात दिवसांत डिप्रेशन मुळापासून", "शंभर टक्के गॅरंटी", "एकाच सेशनमध्ये भीती गायब" असं लिहिलेलं दिसलं की पुढे सरका. लाइफ कोच, मोटिव्हेशनल स्पीकर, ऊर्जा देणारे वगैरे मंडळी भाषण छान करतात, उपचार हे त्यांचं काम नव्हे. मोबाइलमधला चॅटबॉट रात्री दोन वाजता उत्तर देतो हे खरं, पण तुम्ही बोलताना मध्येच गप्प झालात तर त्याला ते कळत नाही, आणि चुकलं तर जाब विचारायला समोर कुणी नाही.

देवरुषाकडे आधी जाऊन आला असाल तर तेही थेरपिस्टला, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या सायकॉलॉजिस्टला किंवा समुपदेशकाला, सांगून टाका, लाजू नका. आपल्या भागात बरीच घरं तिथूनच पुढे येतात. देवाला जाणं चालू ठेवून उपचार घेता येतात. फक्त देवरुषी "गोळ्या बंद कर" म्हणाला तर ते ऐकायचं नाही.

फुकट सुरुवात

पैसे भरायच्या आधी सरकारी सोयी वापरून बघाव्यात असं माझं मत आहे. टेलिमानस १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ लावलं की आधी भाषा विचारतात, मग समुपदेशक बोलतो, आणि गरज वाटली तर तो पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. दरवेळी तोच माणूस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दर आठवड्याला एकाच थेरपिस्टशी चालणाऱ्या उपचाराला हा पर्याय होत नाही. पण आपला त्रास मोठ्याने, अनोळखी माणसासमोर शब्दांत मांडायची सवय इथे होते, आणि आपल्याला डॉक्टर हवा की समुपदेशक याचाही अंदाज येतो.

दुसरी सोय ई-संजीवनीची. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून तिथले अधिकारी तुम्हाला दूरच्या डॉक्टरशी व्हिडिओवर जोडून देतात. अडचण एवढीच की शेजारी गावातलं कुणीतरी बसलेलं असतं. मनातलं सगळं तिथे बोलवत नाही. औषध चालू असेल आणि फक्त पुढची चिठ्ठी हवी असेल, तर मात्र सोयीचं पडतं.

प्रत्यक्ष दाखवायचं झालं तर सोलापुरात सिव्हिल आहे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत येत असतं. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर "मानसिक आरोग्याचे डॉक्टर कोणत्या वारी येतात?" एवढं विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. आशाताईला विचारायचं असेल तर "एका नातेवाइकासाठी हवंय" म्हणून विचारलं तरी चालतं. त्या बऱ्याच चांगल्या असतात, पण गाव लहान असतं.

भाषा

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर आणि विडी कारखान्यात काम करणाऱ्या घरांत तेलुगू. शाळा मराठीत झालेली असते, व्यवहार मराठीत चालतो, म्हणून आपण "मराठी चालेल" म्हणून टाकतो. बघायचं हे की राग आला, रडू आलं की तोंडात कोणती भाषा येते. थेरपी त्या भाषेत मिळाली तर उत्तम. टेलिमानसवर मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही आहे. ऑनलाइनचा खरा फायदा हाच: हुबळीचा किंवा हैदराबादचा थेरपिस्टही चालतो.

मराठीतला थेरपिस्ट घेतला तरी त्याला आपली मराठी समजते का, हे बघा. "जीवाला बरं वाटंना", "काळजात कालवतंय", "डोकं लई उठलंय" हे ऐकून तो पुढचा प्रश्न विचारतो की नुसताच गोंधळतो? त्याला भाऊकी कळते का, बांधावरचं भांडण कळतं का, ऊसबिल अडकलं की घरात काय होतं हे कळतं का? ज्या घरात चूल एक, गोठा एक आणि सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं, तिथल्या सुनेला "सासूला स्पष्ट नाही म्हणा" असा सल्ला देणारा माणूस पुस्तकातून बोलतोय. त्याने आधी विचारायला हवं, की नाही म्हटल्यावर पुढे काय होईल?

आपल्याकडे एक सोय आहे. कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे विचार तपासून भावना सावरायची पद्धत, मराठीत रुजवली आणि ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेने मनाच्या आरोग्यावर मराठीत सातत्याने बोलणं सुरू ठेवलं. त्यामुळे मराठीत विचार करून उपचार करणारी माणसं आहेत. शोधताना "मराठीतून" हा शब्द आवर्जून टाका.

पहिला मेसेज

दोन-तीन नावं काढा. दहा काढली तर निवडताना दमून सगळंच सोडून द्याल. मग फोन न करता मेसेज टाका. काय लिहायचं सुचत नसेल तर हा घ्या, आपल्यापुरता बदला:

"नमस्कार. मी सांगोला तालुक्यातून लिहिते आहे. वय ३४. गेले काही महिने झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कामात लक्ष नाही. ऑनलाइन समुपदेशन हवं आहे, मराठीतून. मला दुपारी १ ते ३ या वेळेत बोलता येतं. व्हिडिओला रेंज पुरत नाही, साध्या फोनवर चालेल का? आपलं शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि फी कळवावी. कृपया या नंबरवर मेसेजच करावा, फोन करू नये."

शेवटची ओळ गाळू नका. फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला असतो, वाजला की जो जवळ असेल तो उचलतो. "मॅडम, तुमची अपॉइंटमेंट..." एवढं ऐकू आलं की संध्याकाळपर्यंत घरात चौकशी सुरू. मेसेज करा म्हटल्यावरही ज्याचा फोन येतो, त्याने तुमचं म्हणणं वाचलेलं नाही, एवढं नक्की.

फी खासगीत साधारण पाचशेपासून दोन हजारांच्या वरपर्यंत असते, एका भेटीची, आणि एक भेट पाऊण ते एक तासाची. कमी फीचे स्लॉट काही जण ठेवतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून विचारा. दहा सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, कितीही सूट असली तरी. ॲपवर "पहिला आठवडा फुकट" असेल तर यूपीआय ऑटोपे चालू झालं का ते त्याच दिवशी तपासा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, पण बाह्यरुग्ण भेटींचा खर्च पॉलिसीत धरलाय का हे वेगळं बघावं लागतं. बहुतेक साध्या पॉलिसीत तो नसतो.

एक तास, एक जागा

वस्तीवर जागा भरपूर असते, एकांत नसतो. घरात बोलायला बसलं की म्हातारी माणसं काळजीने डोकावतात, पोरं फोन मागतात. मग लोक काय करतात? कुणी मोटारीच्या खोलीत बसतं, कुणी डाळिंबाच्या बागेच्या कडेला उभ्या गाडीत, कुणी दुपारी शाळेच्या मागच्या लिंबाखाली. माझ्या माहितीतली एक बाई शेळ्या चारायला नेण्याच्या वेळेतच बोलते. कानात वायरचा इअरफोन, नजर शेळ्यांवर, आणि मधूनच "थांबा हं ताई, शेळी मक्यात शिरली." थेरपिस्ट थांबते. चांगली थेरपिस्ट आहे.

जागा ठरवायच्या आधी तिथे उभं राहून कुणाला तरी दहा मिनिटं फोन लावून बघा. घराच्या मागे रेंज आणि पुढे नाही, हे आपल्याकडे रोजचंच. व्हिडिओ अडकत असेल तर नुसत्या आवाजावर या. थेरपी आवाजावर चालते. डॉक्टर पहिल्यांदा औषध लिहून देणार असतील तर मात्र बहुधा व्हिडिओ मागतात, मार्च २०२०मधल्या टेलिमेडिसिनच्या नियमांतच तसं आहे. तेवढ्या एका दिवसासाठी तालुक्याला मैत्रिणीच्या घरी जावं.

वेळ ठरवताना शेतीची लाइट धरा. दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी आलटून-पालटून येते, पाणी धरायला कोण कधी जाणार ते त्यावर ठरतं, आणि घर कधी मोकळं असणार तेही. म्हणून "दर मंगळवारी चार वाजता" ही पुण्याची पद्धत आपल्याकडे टिकत नाही. थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की एका आठवड्यात दुपार, दुसऱ्यात सकाळ असं चालेल का. आषाढीच्या आधी पालख्या नातेपुते, अकलूज, वेळापूरकडे आल्या की घरात पाहुणे मावत नाहीत आणि गर्दीने नेटवर्क कोलमडतं. तो आठवडा आधीच वगळून टाका.

फोन घरात सामाईक असेल तर थोडी शिस्त लागते. बोलणं झालं की चॅट मिटवा, थेरपिस्टचा नंबर स्वतःला ओळखू येईल अशा साध्या नावाने ठेवा, आणि फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू तर नाही ना ते बघा. पुष्कळ फोनमध्ये ते चालू असतं आणि कुणाला पत्ता नसतो. पैशाचंही लक्षात ठेवा: खातं नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरला जोडलेलं असेल तर पैसे कापल्याचा मेसेज तिकडे जातो, आणि यूपीआयच्या यादीत घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते नाव काय दिसेल, हे थेरपिस्टला सरळ विचारता येतं.

एवढं सगळं लपवायचंच का, असं कुणी म्हणेल. माझं मत असं की घरातल्या एका तरी माणसाला माहीत असावं: नणंद, भाऊ, कॉलेजातली मुलगी, कुणीही. तो एक तास सांभाळायला, पोरांना बाहेर काढायला कुणीतरी लागतंच. पण घरात मारहाण होत असेल, फोन तपासला जात असेल, तर आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८.

पहिली भेट, आणि ठरवणं

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती विचारण्यात जातो. घर, काम, झोप, भूक, आधीचे आजार, व्यसन, मरणाचे विचार. मरणाबद्दल विचारलं म्हणून घाबरू नका, विचारलं नाही तर उलट काळजी करा. "तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, आजूबाजूला कुणी आहे का, फोन तुटला तर काय करायचं, अडचणीच्या वेळी कुणाला कळवू?" हे प्रश्न जो थेरपिस्ट सुरुवातीलाच विचारतो, त्याला ऑनलाइन काम येतं.

तुम्हीही विचारा: मी बोललेलं कुठे जाईल? गोपनीयता हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, २०१७च्या त्याच कायद्यात तो दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलाचं लैंगिक शोषण समोर आलं, तर थेरपिस्टला कळवावं लागतं. हे आधीच सांगणारा माणूस प्रामाणिक समजावा. मुलगा-मुलगी अठराच्या खालची असेल तर पालकांची संमती लागते, हेही तिथेच स्पष्ट होईल.

पहिल्या भेटीनंतर बरं वाटेलच असं नाही. काही जणांना रात्री जास्त रडू येतं. म्हणून एका भेटीवर निकाल लावू नका, तीन-चार द्या. तेवढ्यात कळायला हवं की आपण कशासाठी बोलतोय, पुढचा रस्ता काय, आणि घरी काय करून बघायचं. तो तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, प्रत्येक वेळी उशिरा येतो, जात विचारतो, धर्माचा किंवा कुंडलीचा विषय काढतो, "एवढंच ना" म्हणतो, सेशनबाहेर खासगी मेसेज करतो, यातलं काही असेल तर चौथ्या भेटीचीही वाट बघायची गरज नाही.

औषध असेल तर

नैराश्याची गोळी लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्याच्या आत "काही फरक नाही" म्हणून सोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून मनानेही सोडायची नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळते का हे आधी फोटो पाठवून विचारा, काही औषधं सोलापूरहूनच मागवावी लागतात, मग संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. सवय लागू शकणारी काही औषधं फोनवरच्या तपासणीत लिहून देताच येत नाहीत. डॉक्टर नाही म्हणाले तर तो नियम आहे, तुमच्यावर अविश्वास नाही.

बदलायचं किंवा थांबवायचं असेल तर

फोन उचलणं बंद करून गायब होऊ नका. "मला दुसऱ्या कुणाशी बोलून बघायचंय" असा एक मेसेज पुरतो, थेरपिस्टला तो ऐकायची सवय असते. पैशामुळे थांबत असाल तर तसं सांगा. महिन्यातून एकदा भेटायची किंवा कमी फीची वाट बऱ्याचदा निघते. जाताना आत्तापर्यंत काय काम झालं याची चार ओळींची नोंद मागून घ्या. आपले उपचाराचे कागद मागणं हा हक्क आहे. ती नोंद, चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाला. उद्या सिव्हिलच्या ओपीडीत किंवा पंढरपूरला दाखवायची वेळ आली तर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागणार नाही.